सेन्सर गेलाय की फिल्टर फुटलाय?

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि गॅरेज

प्रश्न : सर नमस्कार, माझी २०२३ च्या शेवटाला घेतलेली डिझेल गाडी आहे, रोज खानापूर-बेळगाव आणि सीझनला चोर्ल्यातून गोव्याची भाडी. इंजिनची पिवळी लाईट लागलीय. एका गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला आणि म्हणला सायलेन्सरातला काजळीचा सेन्सर गेलाय, काढून दाखवला तर टोक काळंकुट्ट. नवीन घाला म्हणतोय आणि किंमत ऐकूनच घाम फुटला. दुसरा म्हणतोय सेन्सर, फिल्टर दोन्ही सॉफ्टवेअरमधून बंद करून देतो, परत लाईटच लागणार नाही. सेन्सर खरंच गेलाय का हे बघायचं कसं? — एक वाचक, खानापूर

उत्तर : टोक काळं दिसलं म्हणून सेन्सर गेला असं नसतंय हो. काजळी अंगावर घेणं हेच त्याचं काम आहे. आत एक छोटी सिरॅमिकची पट्टी असते, तिच्यावर प्लॅटिनमच्या बारीक रेघा, दोन फण्यांचे दात एकमेकांत घातल्यासारख्या पण एकमेकींना न टेकणाऱ्या. पट्टी स्वच्छ असली की करंट जात नाही, काजळी बसत गेली की तिच्यातून वाट तयार होते आणि करंट वाढतो. ठराविक पातळीला पोचला की आतला हीटर पट्टी ६०० अंशांच्या वर तापवून काजळी जाळून टाकतो आणि मोजणी परत पहिल्यापासून सुरू. आता हा सेन्सर बसलेला असतो डीपीएफच्या, म्हणजे काजळीच्या फिल्टरच्या पुढं, सायलेन्सरच्या बाजूला. फिल्टर धड असेल तर त्याच्यापर्यंत काजळी जवळजवळ पोचतच नाही. कंप्युटरला माहीत असतं की फुटका फिल्टर असता तर इतक्या वेळात पट्टी भरली असती, आणि त्याच्या आधीच ती भरली तर तो फिल्टरवर बोट ठेवतो. म्हणजे लाईट लागली तेव्हा सेन्सर कदाचित खरंच सांगत असेल, आणि आपण खरं सांगणाऱ्यालाच काढून टाकायला निघालोय.

म्हणून आधी कोड कुठला आलाय ते कागदावर लिहून घ्या, "सेन्सरचा कोड आहे" एवढ्यावर ऐकून घेऊ नका. पी २००२ असेल तर ती फिल्टरबद्दलची तक्रार आहे, सेन्सरबद्दलची नाही. पी २४एई पासून पुढचे काही कोड सेन्सरच्या सर्किटचे असतात, पी २४बी३ हीटरच्या सर्किटचा. आणि पी २४५२, पी २४५३ आले तर तो वेगळाच सेन्सर, दोन रबरी नळ्यांचा प्रेशर सेन्सर, जो फिल्टरच्या मागचा-पुढचा दाब मोजतो. या दोघांत गल्लत करणारे मेकॅनिक मी इतके बघितलेत की सांगायची सोय नाही, आणि नळी तडकलेली असताना गिऱ्हाईक नवीन काजळी सेन्सरचे पैसे देऊन मोकळं होतंय, हे बघून खरंच जीव तुटतो. स्क्रीनवर "सूट लोड ६० टक्के" (सूट म्हणजे काजळी) असं काही दिसलं तर तोही या सेन्सरचा आकडा नव्हे, तो कंप्युटरनं दाब आणि गाडी चालवण्याच्या पद्धतीवरून काढलेला अंदाज आहे, फिल्टरच्या आत किती साठलंय त्याचा.

मग एक साधी गोष्ट करा, तिला पैसा लागत नाही. सकाळी गाडी गार असताना पांढऱ्या सुती फडक्यात बोट गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडातून आतल्या बाजूनं फिरवा. फिल्टर धड असलेल्या डिझेल गाडीत फडक्यावर फिकट धूळ येईल, थोडा गंज येईल, बस. काजळी मिशीला लावावी इतकी काळी आली तर फिल्टर गळतोय आणि नवीन सेन्सर घालूनही लाईट परत येणार. फिल्टर कधी धुवायला काढला होता का, काढताना आपटला का, तेही आठवून बघा, आतलं सिरॅमिक तडकायला एक ठोका पुरतो.

फडकं स्वच्छ आलं तर आता सेन्सरकडं वळा. सेन्सर, केबल आणि तिच्या टोकाचा छोटा डबा ही एकच वस्तू असते, मधली वायर तोडून जोडायची नाही. मल्टिमीटर सेन्सरच्या टोकाला लावून काही कळत नाही, उलट नुकसान होतं. मीटर लावायचा तो गाडीच्या बाजूच्या कनेक्टरला : इग्निशन ऑन करून सप्लाय येतोय का, अर्थिंग धड आहे का. सेन्सर आणि कंप्युटर ज्यांच्यावरून एकमेकांशी बोलतात त्या कॅनच्या दोन वायरींमध्ये बॅटरी काढून साधारण ६० ओहम दाखवायला पाहिजे, १२० दाखवलं तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा वायर तुटलीय. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात आणि चिखलात तुमची गाडी असते, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्यात का ते उजेडात नीट बघा, निम्म्या वेळा घोळ तिथंच निघतो.

सगळं ठीक असेल तर चांगल्या स्कॅनरवरून सेन्सरचं रीजनरेशन, म्हणजे हीटरनं पट्टीवरची काजळी जाळणं, चालवायला सांगा. सेन्सरचं हं, फिल्टरचं नाही. स्क्रीनवर हीटरचं तापमान चढताना दिसलं पाहिजे आणि संपल्यावर करंट शून्याच्या जवळ आला पाहिजे. तापमान चढलंच नाही तर हीटर गेला. तापमान चढूनही करंट खाली येत नसेल तर पट्टीवर काजळीशिवाय दुसरं काही चिकटलंय किंवा आत शॉर्ट आहे, तेव्हा सेन्सर गेला असं म्हणायला हरकत नाही. कार्ब क्लीनर मारणं, वायरब्रशनं घासणं असले प्रकार करू देऊ नका. नवीन घातलात तर पार्ट नंबर तोच घ्या आणि स्कॅनरमधून जुन्याची शिकलेली व्हॅल्यू रिसेट करून घ्या, हे विसरलं की नवा सेन्सर असूनही लाईट तशीच.

आणि ते बंद करून घ्यायचं डोक्यातून काढा. कंपनीनं दिलेल्या गाडीत असा बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही ही एक गोष्ट, पण माझ्यासाठी त्याहून मोठी ही की डिझेलचा धूर माणसाला कॅन्सर करतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलंय, आणि टिळकवाडीच्या रेल्वे गेटला गाड्या उभ्या असतात तेव्हा तुमच्या मागं स्कूटरवर कुणाचं तरी पोर बसलेलं असतंय की.

प्रश्न : काका, आम्ही सेकंडहँड डिझेल गाडी घेतलीय, मी निपाणीहून कोल्हापूरला नोकरीला जाते. एकही लाईट लागत नाही, धूरही दिसत नाही. पण मागच्या मालकानं फिल्टर काढून टाकला असेल अशी शंका घरच्यांना येतेय. सेन्सर चालू आहे हे कसं कळणार? — एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, शंका एकदम रास्त आहे. लाईट न लागणं म्हणजे सगळं ठीक असं नाही, कारण हा सेन्सर गप्प असतो तेव्हा दोन अर्थ निघतात, एकतर हवा स्वच्छ आहे नाहीतर वायरच तुटलीय. म्हणून कंपन्यांना सेन्सरनं स्वतःलाच तपासावं अशी सोय करावी लागते. काही सेन्सरमध्ये पट्टी जाळून झाल्यावर ती तापलेली असतानाच व्होल्टेज देऊन बघतात, तापलेल्या सिरॅमिकमधून थोडासा करंट गळतोच, तो दिसला की रेघा आणि वायर शाबूत. पण सॉफ्टवेअरमध्ये हात घातलेला असेल तर ही तपासणीच चालत नाही.

तुम्ही असं करा. आधी गाडी कुठल्या वर्षाची ते बघा, बीएस-६ हा धुराचा नियम एप्रिल २०२० ला आला पण गाडीनं स्वतःच स्वतःला तपासायची त्यातली कडक अट एप्रिल २०२३ पासूनची, त्यामुळं २०२०-२२ च्या पुष्कळ गाड्यांत फक्त प्रेशर सेन्सर असतो आणि काजळीचा नसतोच, मग नसलेला शोधत बसू नका. चावी ऑनला फिरवल्यावर इंजिनची लाईट लागून गाडी सुरू झाल्यावर विझते का बघा, लागतच नसेल तर कुणीतरी ती मारलीय. मग स्कॅनरवर रेडिनेस, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का, ते बघायला सांगा, पीएम फिल्टरची, म्हणजे काजळीच्या फिल्टरची, तपासणी "कम्प्लीट" पाहिजे. ती बरेच दिवस "इन्कम्प्लीट"च राहिली तर खोदून बघायला पाहिजे. मात्र घाई करू नका, गार इंजिनवर पाइपात पाणी साचलेलं असतं आणि तापलेल्या सिरॅमिकवर थेंब पडला तर ते तडकतं, म्हणून पाणी वाळेपर्यंत कंप्युटर हीटर लावतच नाही. निपाणी गावातल्या गावात फिरवली तर ती तपासणी कधी पूर्णच होत नाही. तुम्ही हायवेनं कोल्हापूरला जाता, त्यात ती व्हायला पाहिजे.

एक खूण पक्की. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी लाइव्ह डेटा लावा, सेन्सरचं तापमान बाहेरच्या हवेएवढं पाहिजे, आणि गाडी चालवून पाइप तापत गेला तसं तेही वर सरकायला पाहिजे. आकडा जागचा हललाच नाही तर सेन्सर पाइपात नाही, कुठंतरी टायनं बांधून ठेवलाय नाहीतर नकली डबा लावलाय. वरच्या उत्तरातलं फडकंही फिरवा. गाडी लिफ्टवर घेऊन फिल्टरच्या डब्यावर नवीन वेल्डिंगचा शिवण दिसतोय का तेवढं बघून घ्या.

पीयूसी पास झाली म्हणून निर्धास्त राहू नका. ते यंत्र धूर किती गडद ते बघतं, आणि बारीक गळती डोळ्यालाही दिसत नाही, त्यालाही नाही. नेदरलँड्सनं म्हणूनच जानेवारी २०२३ पासून वार्षिक तपासणीत डिझेल गाड्यांचे कण मोजायचं यंत्र आणलं, घन सेंटिमीटरमध्ये दहा लाखांच्या वर कण गेले की गाडी नापास. आपल्याकडं हे यावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : माझ्या ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला हा सेन्सर असतो का? ऊस ओढताना काळा धूर येतोय. — एक वाचक, चिकोडी

उत्तर : नाही. २०२३ पासूनचा कडक नियम ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना आहे, तुमच्या ट्रॅक्टरला काजळीचा फिल्टरही नाही आणि सेन्सरही नाही. एअर क्लीनर आधी काढून बघा, उसाच्या पाचटाचा भुसा आणि धूळ यानं सीझनमध्ये तो लवकर चोंदतो, मग इंजेक्टर चाचणी यंत्रावर लावून घ्या. तेवढ्यानं धूर कमी झाला नाही तर पंपाचं टायमिंग बघायला सांगा, आणि तोपर्यंत दोन ट्रॉल्यांच्या जागी एकच लावा.