हॉल तिकीट आधी कपाटातून काढा

प्रश्न : मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सॉफ्टवेअर कंपनीची ऑफर हातात असताना त्याला एम.टेक. करायचंय, तेही कंपनं आणि 'फ्रॅक्चर मेकॅनिक्स'च्या (वस्तूंना भेगा कशा पडतात, वाढतात याच्या शास्त्राच्या) प्रयोगशाळेत. वस्तू मोडून बघण्यात कसलं करिअर? एम-३ला (गणिताच्या तिसऱ्या पेपरला) त्याला केटी लागली होती, म्हणजे विषय राहिला होता. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या 'गेट' परीक्षेचं हॉल तिकीट सध्या मी कपाटात ठेवलंय. तुम्हीच त्याला समजवा. (पत्र संक्षिप्त)
– एक वडील, कराड

उत्तर : हॉल तिकीट तो पाच मिनिटांत पुन्हा डाउनलोड करेल. वडिलांनी ते लपवलं होतं, हे मात्र विसरणार नाही. तुमच्या चार पानी पत्रात पॅकेज आहे, पुतण्याचा पुण्यातला फ्लॅट आहे, नातेवाईक काय म्हणतील तेही आहे. मुलगा काय म्हणतो, याची एकच ओळ, तीही तुमच्या शब्दांत. बावीस वर्षांच्या मुलाला 'समजवण्याचं' काम मी घेत नाही. मार्कांपेक्षा मला त्या कपाटाची काळजी वाटते.

आता 'मोडून बघण्या'बद्दल. तुम्ही कराडचे, तेव्हा कोयनेचंच घ्या. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंप घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्यात १०३ मीटर उंच धरणाच्या वरच्या भागात, पाणी साठतं त्याच्या विरुद्ध बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीला, आडव्या भेगा पडल्या. धरण कसं हललं, ताण नेमका तिथेच का एकवटला, भेग किती आत जाईल, हे गणित आजही जगभरचे विद्यार्थी सोडवतात. धरण पाडलं नाही; काँक्रीटचे आधार देऊन बळकट केलं. या शास्त्रात भेग आहे असं धरूनच चालतात. ती किती वाढेपर्यंत धोका नाही आणि पुन्हा कधी तपासायची, ते काढायचं असतं. विमानाच्या पंखाची तपासणी किती उड्डाणांनी करायची, हेही असल्याच हिशेबावर ठरतं. मोडतोड हा त्यातला अगदी छोटा भाग.

पुढच्या शिक्षण-नोकरीच्या वाटा तुम्हाला ठाऊक आहेतच: गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, पुढे एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्था किंवा वाहन कंपन्यांचे एनव्हीएच (आवाज आणि कंपनं तपासणारे) विभाग. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरपेक्षा कमी असू शकतो, हे तुमचं म्हणणं मान्य.

मुलालाही थोडं ऐकवतो. केटीचं ओझं घेऊ नकोस, पण एम-३मधली डिफरन्शियल समीकरणं कंपनांच्या पहिल्याच आठवड्यात पुन्हा भेटतात. आणि हे काम संथ असतं. स्ट्रेन गेज, म्हणजे ताणाने धातू किती लांबतो ते मोजणारी पट्टी, नीट चिकटवण्यात सकाळ जाते. मग फटीग मशीन एकाच तुकड्याला लाखो वेळा ताण देतं आणि तू मिलिमीटरच्या अंशांनी सरकणारी भेग मोजत बसतोस. कॉलेजातल्या सरांना विचारून एक आठवडा अशा प्रयोगशाळेत काढ. तिसऱ्या दिवशी सारखा मोबाईल बघावासा वाटला, तर ती ऑफर घे. त्यात कमीपणा नाही.

पुढचं पत्र त्याच्या हातचं येऊ द्या. तुम्ही ते आधी वाचू नका.