सत्तरच्या दशकातली अमेरिकन 'नंबर एक' गाणी : ऐकायला सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा आहे : आयुष्यभर मराठी-हिंदी गाणी ऐकली, आता १९७० ते ७९ या काळात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेली गाणी ऐकायची आहेत. यादी काढली तर दोनशेच्या वर गाणी निघाली. मग जी सर्वांत जास्त आठवडे वर टिकली, ती आधी ऐकावीत का?

तसं करू नका. बिल विदर्सच्या 'लीन ऑन मी'पासून सुरुवात करा. हेच गाणं का, ते सांगते, पण त्याआधी 'नंबर एक' ठरायचा कसा ते बघू, म्हणजे आठवडे मोजण्यात अर्थ का नाही ते कळेल.

अमेरिकेत 'बिलबोर्ड' नावाचं नियतकालिक आहे. त्याची 'हॉट हंड्रेड' ही शंभर गाण्यांची यादी १९५८च्या ऑगस्टपासून दर आठवड्याला निघते. सत्तरच्या दशकात ही यादी रेकॉर्डची दुकानं आणि रेडिओ केंद्रं यांच्याकडून आलेल्या माहितीवर तयार व्हायची. नेमक्या किती तबकड्या खपल्या ते कोणी मोजून कळवत नव्हतं. जोरात काय चाललंय, त्याच्याखाली काय, असा क्रम दुकानदार सांगायचे. बारकोडवरून खरी विक्री मोजायला १९९१ साल उजाडावं लागलं. आपल्या बिनाका गीतमालेच्या पायऱ्याही अशाच, दुकानांतला खप आणि श्रोतासंघांची पसंती यांवर ठरायच्या. अमीन सयानींनी त्या घराघरांत पोचवल्या, तसं अमेरिकेत १९७०च्या जुलैपासून केसी केसम 'अमेरिकन टॉप फॉर्टी' या रेडिओ कार्यक्रमात चाळीसपासून एकपर्यंत उलटी मोजणी करत गाणी ऐकवू लागला. त्या आठवड्यात बाजाराचा वारा कुठे होता, एवढंच ही यादी सांगते.

म्हणून तर १९७७ मध्ये डेबी बूनचं 'यू लाइट अप माय लाइफ' सलग दहा आठवडे वर राहिलं. त्या दशकात एवढा काळ दुसरं कोणतंही गाणं टिकलं नाही. आज ते फारसं कोणी लावत नाही. त्याच वर्षी ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' मे महिन्यात पहिल्या क्रमांकावर आलं आणि एका आठवड्यात उतरलं. पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात जिथे म्हणून कोणी गिटार घेऊन स्टेजवर चढतं, तिथे हे गाणं वाजल्याशिवाय रात्र संपत नाही. आणि कॉलेजच्या ट्रिपला बसमध्ये सगळे ओरडून म्हणतात ते जॉन डेन्व्हरचं 'टेक मी होम, कंट्री रोड्स' १९७१ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर अडकलं, पहिल्यावर गेलंच नाही. तुमच्या यादीत ते नसणार. यादीबाहेरचं म्हणून सोडू नका.

आता 'लीन ऑन मी'. मी मुलांना हार्मोनियम आणि की-बोर्ड शिकवते. इंग्रजी गाणं शिकायचंय म्हणून कोणी आलं की मी याच गाण्यापासून सुरू करते, कारण पहिल्याच दिवशी ते बोटांत बसतं. पांढरी एकमध्ये सा धरा. सा-रे-ग-म असं एकेक पट्टी वर चढा, म-ग-रे-सा असं खाली या. गाण्याचं तोंड एवढंच आहे. एकही काळी पट्टी नाही, कुठे उडी नाही. विदर्स सांगायचा की त्याने नुकताच एक इलेक्ट्रिक पियानो घेतला होता आणि त्याला तो वाजवता येत नव्हता. बोटांची ठेवण न बदलता हात नुसता वर-खाली सरकवता सरकवता ही चाल सापडली. पियानो येणाऱ्या माणसाने त्यात चार नक्षीकामं केली असती. त्याला येत नव्हतं म्हणून चाल इतकी नितळ राहिली, असं मला मनापासून वाटतं.

चाल नितळ आहे, तसे शब्दही. माझा आधार घे, कारण उद्या मला तुझा लागणार आहे, एवढंच तो सांगतो. यात उपकार नाही, दया नाही, देणंघेणं आहे. हे त्याला सुचलं त्याला कारण आहे. विदर्सचा जन्म १९३८चा, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या स्लॅब फोर्क या कोळशाच्या खाणीच्या गावचा. वडील खाणीत कामाला होते आणि बिल तेरा वर्षांचा असताना गेले. तो लहानपणापासून अडखळत बोलायचा. पुढे नऊ वर्षं नौदलात काढली, मग कॅलिफोर्नियात विमानांची स्वच्छतागृहं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागला. पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर तो कारखान्याच्या भिंतीशी हातात जेवणाचा डबा घेऊन उभा आहे. तो फोटो मधल्या सुट्टीत काढलेला आहे. गाण्याच्या धंद्याचा भरवसा नाही म्हणून त्याने नोकरी लगेच सोडली नव्हती. शहरात आल्यावर गावातली एकमेकांना धरून राहायची रीत त्याला आठवत राहिली आणि त्यातून हे गाणं आलं. १९७२च्या जुलैमध्ये ते तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. १९८७ मध्ये क्लब नूव्हो या गटाने ते पुन्हा गायलं आणि पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेलं. विदर्स २०२०च्या मार्च अखेरीस गेला. तेव्हा टाळेबंदी होती आणि घराघरांत अडकलेले लोक धीरासाठी हेच गाणं म्हणत होते.

ऐकताना मधल्या भागाकडे लक्ष द्या. पियानो मागे सरतो, टाळ्या पुढे येतात आणि गाणं एकट्या माणसाचं न राहता जमावाचं होतं. या टाळ्या चर्चमधल्या आहेत. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमध्ये गायलं जाणारं संगीत, ज्याला गॉस्पेल म्हणतात, ते या दशकातल्या चांगल्या गाण्यांच्या मुळाशी आहे. मला सांगायचंय ते हेच. यादीतून काय उचलावं हे कळेनासं झालं की गॉस्पेलचा माग धरा, सहसा फसगत होत नाही.

उदाहरणार्थ, १९७० मध्ये सहा आठवडे वर असलेलं 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर'. लिहिलं पॉल सायमनने, गायलं आर्ट गारफंकेलने, दोघंही न्यूयॉर्कमधले ज्यू तरुण. पण गाण्याची ठिणगी क्लॉड जीटर या गॉस्पेल गायकाची. त्याच्या स्वान सिल्व्हरटोन्स या गटाची रेकॉर्ड सायमन तेव्हा सतत ऐकत होता. त्यात जीटर भरात येऊन एक ओळ टाकतो, अर्थ असा, की माझ्या नावावर विश्वास ठेवलास तर खोल पाण्यावरचा तुझा पूल मी होईन. त्या एका ओळीवर सायमनने गाणं उभं केलं. पहिल्या दोन कडव्यांत फक्त लॅरी नेक्टेलचा पियानो आणि एक आवाज आहे. तिसरं कडवं स्टुडिओत नंतर जोडलेलं आहे, तिथून ढोल आणि तंतुवाद्यं भरतीच्या पाण्यासारखी चढत जातात. हे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, हेडफोन लावा. मग लगेच अरेथा फ्रँकलिनने गायलेलं, १९७१ मध्ये आलेलं हेच गाणं लावा. ती पाद्र्याची मुलगी. तिचं गाणं पहिल्या क्रमांकावर आलं नाही, सहाव्यापर्यंत पोचलं. तरी मी दोघांत तिचंच निवडेन, कारण तिच्या गळ्यात ते आपल्या घरी परतलंय.

आणखी एक गोष्ट, जी मला कळली तेव्हा मी थक्क झाले. हा क्लॉड जीटरही खाणकामगार होता. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोलवूड गावी सोबतच्या खाणकामगारांना घेऊन त्याने १९३८ मध्ये आपला गट काढला. विदर्सचा जन्म त्याच वर्षी, त्याच राज्याच्या दक्षिणेकडच्या कोळसापट्ट्यातला. धीर देणारी ही दोन्ही गाणी अशी एकाच काळ्या मातीशी जाऊन पोचतात. आपण सगळे ज्या गाण्यामुळे वेस्ट व्हर्जिनियाचं नाव घेतो, त्या 'कंट्री रोड्स'ची सुरुवात मात्र शेजारच्या मेरीलँडमधल्या एका रस्त्यावर झाली. ते गोडच आहे, २०१४ पासून त्या राज्याचं एक अधिकृत गीतही आहे. पण त्या डोंगरांच्या पोटातला आवाज ऐकायचा असेल तर विदर्स आणि जीटरकडे जावं लागतं.

यानंतर रॉबर्टा फ्लॅक. तिची आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, ती स्वतः पंधराव्या वर्षी पियानोच्या शिष्यवृत्तीवर विद्यापीठात गेली आणि पुढे शाळेत शिकवत होती. 'द फर्स्ट टाइम एव्हर आय सॉ युअर फेस' तिने १९६९ मध्येच रेकॉर्ड केलं होतं, पण क्लिंट ईस्टवुडने आपल्या चित्रपटात घेतल्यावर १९७२ मध्ये ते सहा आठवडे वर राहिलं. इतकं संथ गाणं लोकप्रिय होऊ शकतं यावर विश्वास बसत नाही. विलंबित ऐकायची सवय असलेल्या कानांना ते जास्त भावेल. १९७३ मध्ये तिचंच 'किलिंग मी सॉफ्टली' पाच आठवडे वर होतं. लोरी लीबरमन ही तरुण गायिका डॉन मॅक्लीनच्या मैफलीला गेली आणि हलून गेली, त्या अनुभवातून हे गाणं आधी तिच्यासाठी लिहिलं गेलं. विमानप्रवासात रॉबर्टाने ते ऐकलं आणि उचललं. हा डॉन मॅक्लीन म्हणजे १९७२च्या जानेवारीत चार आठवडे वर असलेल्या 'अमेरिकन पाय'चा कर्ता. ते गाणं साडेआठ मिनिटांचं, छोट्या तबकडीच्या एका बाजूवर मावेना म्हणून दोन बाजूंवर वाटून काढलेलं. ऐकण्याआधी एवढं माहीत असू द्या : ३ फेब्रुवारी १९५९ला बडी हॉली आणि आणखी दोन गायक आयोवा राज्यात विमान कोसळून गेले, तेव्हा मॅक्लीन तेरा वर्षांचा होता आणि घरोघरी वर्तमानपत्रं टाकायचा. गाणं त्या बातमीपासूनच सुरू होतं.

कॅरोल किंगचं 'इट्स टू लेट' (१९७१) आणि ग्लॅडिस नाइटचं 'मिडनाइट ट्रेन टू जॉर्जिया' (१९७३) ऐकाच. दुसऱ्यात मागचे तिघे पुरुष गायिकेच्या प्रत्येक वाक्याला कशी दाद देतात ते ऐका. एडविन स्टारचं 'वॉर' व्हिएतनामच्या काळातलं आहे, संतापलेलं आहे, आणि १९७०च्या ऑगस्टमध्ये त्या संतापासकट पहिल्या क्रमांकावर गेलं. स्टीव्ही वंडरवर वेगळं उत्तर लिहावं लागेल. तूर्त 'सुपरस्टिशन' (१९७३) लावा आणि सुरुवातीचा ड्रम ऐका, तोही त्यानेच वाजवलाय.

मग डिस्को. डिस्को म्हणजे उथळ नाचगाणी, असं ऐकून तुम्ही तो भाग वगळाल अशी भीती वाटते, म्हणून आग्रहाने सांगते. हे संगीत कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकन आणि समलिंगी लोकांच्या क्लबांमध्ये वाढलं. ज्यांना इतरत्र दारातून परत पाठवत, त्यांचं ते अंगण होतं. (आपल्या बंगळूरच्या बिद्दूने लंडनमध्ये बसवलेलं, कार्ल डग्लसने गायलेलं 'कुंग फू फायटिंग' १९७४च्या डिसेंबरमध्ये याच लाटेवर अमेरिकेत पहिलं आलं. पुढे 'आप जैसा कोई' करणारा तोच हा बिद्दू.) ग्लोरिया गेनरचं 'आय विल सर्व्हाइव्ह' तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलेलं होतं. कंपनीचा भर दुसऱ्याच गाण्यावर होता. क्लबमध्ये रेकॉर्ड लावणाऱ्यांनी तबकडी उलटली, लोक वेडे झाले, आणि १९७९च्या मार्चमध्ये ते वर पोचलं. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर कंबरेला पट्टा बांधून तिने ते गायलंय. सुरुवातीला ताल नाही, नुसता पियानो आणि आवाज, मग ठेका सुरू होतो. तो क्षण दोनदा ऐका. ही गेनर पुढे गॉस्पेलकडेच वळली आणि २०२० मध्ये तिच्या गॉस्पेल अल्बमला ग्रॅमी मिळालं.

१९७९ मध्येच, १२ जुलैला शिकागोच्या बेसबॉल मैदानात दोन सामन्यांच्या मध्ये एका रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग स्फोटाने उडवला गेला. जमाव मैदानात घुसला, दुसरा सामना रद्द करावा लागला. लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्को नसलेल्या कृष्णवर्णीय गायकांच्याही रेकॉर्ड होत्या, असं तिथे काम करणाऱ्या एकाने नंतर सांगितलं. मला हा प्रसंग वाचताना आजही राग येतो. ऑगस्टमध्ये शीक या गटाचं 'गुड टाइम्स' एक आठवडा वर होतं, त्याला खाली ढकलून नॅक या गटाचं 'माय शरोना' आलं आणि सहा आठवडे बसलं. डिस्को संपलं असं तेव्हा लिहिलं गेलं. पण 'गुड टाइम्स'मधला बर्नार्ड एडवर्ड्सचा बेस गिटार ऐका, आणि मग त्याच वर्षी आलेलं शुगरहिल गँगचं 'रॅपर्स डिलाइट'. तोच बेस आहे, त्यावर आता माणसं गात नाहीत, बोलतायत. यादीत ते छत्तिसाव्या क्रमांकाच्या वर गेलं नाही. पण ऐंशीचं दशक ऐकायला घ्याल तेव्हा सुरुवात याच गाण्यापासून करा.