उद्दिष्टाला आकडा हवा, माणसाचं नावही हवं

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं वर्कशॉप आहे, २२ माणसं. दर एप्रिलला 'वेळेवर माल, उत्तम क्वालिटी, वसुलीत सुधारणा' अशी उद्दिष्टं छापून लावतो. पावसाळ्यापर्यंत ती कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. लिहावीत तरी कशी?
– एक उद्योजक, ऐरोली

उत्तर : या तुमच्या इच्छा झाल्या. सकाळी कामावर आलेल्या माणसाने नेमकं काय करायचं, ते यातून कळत नाही. प्रत्येक ओळीत आजचा आकडा, गाठायचा आकडा, तारीख आणि एकाच माणसाचं नाव हवं. 'प्रॉडक्शन विभाग' लिहिलंत की जबाबदारी कुणाचीच उरत नाही.

'वेळेवर माल' घ्या. मागच्या तीन महिन्यांची डिलिव्हरी चलनं पीओच्या, म्हणजे ग्राहकाच्या खरेदी ऑर्डरच्या, तारखांशी ताडून पाहा. एका दुपारचं काम आहे. समजा, १००पैकी ६८ ऑर्डरी वेळेत गेल्या. मग लिहा : 'पीओच्या तारखेपर्यंत पूर्ण माल : ६८वरून ८५ टक्के, ३० सप्टेंबरपर्यंत', पुढे डिस्पॅच सुपरवायझरचं नाव. अर्धवट माल मोजू नका, नाहीतर ५००पैकी २०० नग पाठवून चलन फाडलं जातं आणि आकडा उगाच छान दिसतो. शेजारीच 'रिजेक्शन २ टक्क्यांच्या आत' हेही लिहा, कारण घाईत पहिला बळी तपासणीचाच जातो.

हा आकडा ऑपरेटरच्या हातात नसतो. उशीर कुठे होतो, ते जॉब कार्डांवरून, म्हणजे प्रत्येक कामाच्या नोंदपत्रांवरून, शोधा. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या सेटिंगला वेळ जात असेल, तर जुन्या जॉबचा शेवटचा नग ते नव्याचा पहिला पास नग हे अंतर ५० मिनिटांवरून ३०वर आणणं ही ऑपरेटरची ओळ. माल बाहेर प्लेटिंगला अडकत असेल, तर ऑपरेटरला धारेवर धरू नका. ती ओळ तुमच्या नावावर लिहा.

वसुली बिलापासून पैसे येईपर्यंतच्या सरासरी दिवसांत मोजा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल, तर त्या नोंदणीचा उद्यम क्रमांक बिलावर छापा. २००६च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याने लेखी करार असला तरी ग्राहकाने पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही. करार नसेल तर १५. शिवाय २०२४पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे मुदत उलटलेली रक्कम ग्राहकाने तुम्हाला प्रत्यक्ष चुकती केली त्याच वर्षी त्याला ती खर्चात धरता येते. म्हणून थकबाकीची यादी फेब्रुवारीतच पाठवा. मार्चअखेर त्यांनाही घाई असते.

तीनचारपेक्षा जास्त ओळी नकोत. दर सोमवारी पाळी सुरू होताना ज्याची ओळ त्यानेच फळ्यावर आकडा लिहावा. सप्टेंबरअखेर ८५ गाठले नाहीत, तर जुनी तारीख पुसू नका. तिच्याखाली मिळालेला आकडा, अडलेलं कारण आणि नवी तारीख लिहा.