चित्रकाराने मुदत चुकवली, प्रकाशन तोंडावर आलं

प्रश्न : नाशिकमध्ये आमची छोटी प्रकाशन संस्था आहे. मुलांच्या पुस्तकासाठी एका चित्रकाराला 24 चित्रांचं काम दिलं. ठरले 60 हजार, आगाऊ दिले 20 हजार, मुदत 15 डिसेंबर. लेखी करार नाही, सगळं व्हॉट्सॲपवर. आज 20 जानेवारी, आणि 9 चित्रंच आली आहेत. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, प्रकाशन आहे. उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घेता येईल का? पैसे परत मिळतील का?

उत्तर : काम, रक्कम आणि तारीख ठरल्याचे संदेश हाच तुमचा करार. ते पुसू नका. न्यायालयात नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे, ते संदेश कोणत्या फोनमधून आणि कसे काढले याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

सगळा प्रश्न करार कायदा, 1872 च्या कलम 55 वर येऊन थांबतो : मुदत हा या कराराचा गाभा होता का? होता, तर ती टळल्यावर करार रद्द करून भरपाई मागता येते. नव्हता, तर फक्त भरपाई. 15 डिसेंबर ही नुसती तारीख पुरेशी नाही. 27 फेब्रुवारीचा कार्यक्रम काम देतानाच चित्रकाराला सांगितला होता का, ते संदेशांत शोधा. मुदत टळल्यावर तुम्ही ‘चालेल, सावकाश द्या’ असं लिहिलं असेल, तर ती तुम्हीच वाढवलीत. मग शेवटची, वाजवी तारीख लेखी कळवूनच पुढचं पाऊल टाका.

तुमच्या बाजूची दिरंगाईही प्रामाणिकपणे मोजा. अंतिम संहिता आणि पानाचा आकार कधी दिला? कच्ची रेखाटनं मंजूर करायला किती दिवस घेतले? तुमच्यामुळे गेलेले दिवस चित्रकाराच्या माथी मारता येत नाहीत, आणि समोरचा वकील आधी तेच काढेल.

अजून चित्रं आली तर घाईत ‘छान’ म्हणून घेऊ नका. उशिराची भरपाई मागणार असल्याचं स्वीकारतानाच कळवलं नाही, तर ती नंतर मागता येत नाही. त्याच दिवशी लिहा : ‘भरपाईचा हक्क राखून स्वीकारत आहोत.’

दुसऱ्याकडून काम करून घेऊन खर्च पहिल्याकडून वसूल करायची सोय स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 20 मध्ये आहे, पण त्याआधी किमान 30 दिवसांची लेखी नोटीस लागते. आज नोटीस दिलीत तरी 19 फेब्रुवारी उजाडेल. छपाईला काय उरतं? म्हणून मुदत गाभ्याची होती हे संदेशांतून दिसत असेल, तर करार रद्द केल्याची नोटीस स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवा, आणि नव्या चित्रकाराला द्यावे लागलेले जादा पैसे करार कायद्याच्या कलम 73 खाली मागा. सभागृहाचं भाडं मागता येईल ते चित्रकाराला कार्यक्रम माहीत असेल तरच. मनस्तापाचे पैसे मिळत नाहीत. दाव्याची मुदत करारभंगापासून 3 वर्षं.

आता त्या 9 चित्रांचं. ती वापरणार असाल तर त्यांचा मोबदला आगाऊ रकमेतून वळता करा. 60 हजार भागिले 24, म्हणजे चित्रामागे 2,500, एकूण 22,500. म्हणजे 2,500 तुम्हीच देणं लागता. वापरणार नसाल तर चित्रं परत करून 20 हजार मागा. पैसे दिले म्हणजे हक्क आपले, असं धरून चालू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात काळ लिहिला नाही तर तो 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. नव्या चित्रकाराला पहिल्याची पात्रं गिरवायला सांगणं धोक्याचं आहे. लेखी परवानगी मिळत नसेल तर 24 ही चित्रं नव्याने काढून घ्या.

पोलिसांत जाऊ नका. पैसे घेतानाच फसवायचा हेतू होता असं दिसत नसेल, तर हा दिवाणी वाद आहे. नोटिशीला उत्तर आलं नाही तर नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीच्या, तडजोडीसाठी अर्ज करा. इतक्या रकमेसाठी थेट दावा लावण्यापेक्षा तेच परवडेल.

नव्या चित्रकाराशी मात्र आजच कागद करा : कच्ची रेखाटनं, रंगीत चित्रं आणि छपाईच्या फाइल्स यांच्या वेगळ्या तारखा, प्रत्येक टप्प्यावर हप्ता, तुमच्या मंजुरीला 2 दिवस, आणि ‘27 फेब्रुवारीच्या प्रकाशनामुळे मुदत हा कराराचा गाभा आहे’ हे वाक्य.