भ्रूणांच्या जनुकीय तपासणीसाठी आपत्कालीन निधी मोडावा का?

प्रश्न: आम्ही दोघंही नोकरी करतो. पत्नीचं वय 34. आयव्हीएफमधून चार चांगले भ्रूण मिळाले, ते गोठवून ठेवलेत. गर्भाशयात प्रत्यारोपण करण्याआधी त्यांची पीजीटी-ए, म्हणजे गुणसूत्रं कमी-जास्त तर नाहीत हे बघणारी तपासणी करून घ्या, असं क्लिनिक सुचवतंय. दोन्ही घरांत आनुवंशिक आजार नाही. बचत बरीचशी उपचारांत गेली, उरलाय फक्त आपत्कालीन निधी. तो मोडावा की वैयक्तिक कर्ज घ्यावं? पैशापायी हात आखडता घेतला आणि पुढे काही विपरीत झालं, तर जन्मभर मनाला लागून राहील.

उत्तर: माझ्या मते दोन्ही नको, निदान या तपासणीसाठी तरी नको.

तुमचा खरा प्रश्न शेवटच्या वाक्यात आहे. उपचार घेणारी बरीच जोडपी या तपासणीकडे अशीच बघतात: एवढा खर्च केलाच आहे, मग हेही करून टाकू, उगाच रुखरुख नको. भावना अगदी समजण्यासारखी आहे. फक्त तिच्या भरात तपासणीला विमा समजू नका. विम्यात नुकसान झालं की भरपाई मिळते. इथे प्रत्यारोपण फसलं तरी तपासणीचे पैसे गेले ते गेलेच.

पीजीटी-ए गुणसूत्रांची संख्या बघते. ती भ्रूण सुधारत नाही, नवा भ्रूणही देत नाही. आहेत त्यांतला आधी कोणता वापरायचा, कोणता बाजूला ठेवायचा, एवढंच सांगते. 2021मध्ये चीनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात 20 ते 37 वयाच्या, किमान तीन चांगले भ्रूण असलेल्या 1,212 स्त्रिया होत्या, म्हणजे तुमच्यासारख्याच. वर्षभरात तीनपर्यंत प्रत्यारोपणं धरली, तर तपासणी केलेल्या गटात 77.2 टक्के जणींना बाळ झालं, न केलेल्या गटात 81.8 टक्के. गर्भपात मात्र तपासणीच्या गटात कमी झाले, आणि हा फायदा किरकोळ नाही. आधी गर्भपात सोसलेलं जोडपं त्याला जे मोल देईल, ते माझ्या कागदावर मांडता येणार नाही. तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही, म्हणून मी पारडं दुसरीकडे झुकवतोय.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. भ्रूण आधीच गोठवलेले आहेत. तपासणीसाठी ते बाहेर काढून सामान्य तापमानाला आणायचे, बाहेरच्या थरातल्या मोजक्या पेशी काढायच्या आणि अहवाल येईपर्यंत पुन्हा गोठवायचे. ही जादा हाताळणी भ्रूणालाही सोसावी लागते आणि बिलालाही. पेशी काढणं, प्रयोगशाळेचं शुल्क, पुन्हा गोठवणं, साठवणूक हे बहुधा वेगवेगळं लावतात. अहवाल अनिर्णित आला तर पुन्हा पेशी काढण्याचे पैसे कोण भरणार, हेही आधीच विचारा. काही अहवाल ‘मिश्र’ येतात, काही पेशी ठीक, काही नाहीत. अशा भ्रूणांपासूनही निरोगी बाळं जन्मल्याची नोंद 2015पासून आहे. असा अहवाल हातात पडला तर तो भ्रूण वापरायचा की नाही, हे दोघांनी आत्ताच बोलून घ्या. नाहीतर पैसे देऊन नवी घालमेल विकत घ्याल.

दोघंही एकाच आजाराचे वाहक असता, समजा थॅलेसेमियाचे, तर मी उलट सल्ला दिला असता. तिथे प्रत्येक गर्भधारणेत बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते आणि तपासणी नेमकी त्या दोषाची होते. ती पीजीटी-एम, तिच्यासाठी मी इतर उद्दिष्टं पुढे ढकलायला सांगितली असती. पत्नी चाळिशीच्या आसपास असती तरी हिशेब बदलला असता, कारण वयाबरोबर गुणसूत्रांचे दोष झपाट्याने वाढतात.

आता पैशाचं. क्लिनिककडून दोन आकडे लेखी घ्या: चारही भ्रूणांच्या तपासणीचा एकूण खर्च आणि गोठवलेल्या एका भ्रूणाच्या प्रत्यारोपणाचा खर्च. पहिल्या रकमेत दुसऱ्यातली एक-दोन प्रत्यारोपणं बसत असतील, तर पैसे त्यांच्यासाठी राखा. कर्ज तर मुळीच नको. गर्भ राहिला की प्रसूतीच्या सुमारास एक पगार थांबण्याची किंवा घटण्याची शक्यता असते आणि हप्ता तेव्हाही चालूच राहतो. आपत्कालीन निधी असतो तो त्याच महिन्यांसाठी.

दोन प्रत्यारोपणं फसली किंवा गर्भपात झाला, तर उरलेल्या भ्रूणांबद्दल डॉक्टरांशी पुन्हा बोला. तपासणीचा पर्याय तेव्हाही खुला असेल, आणि तपासायचे भ्रूण कमी असल्याने बिलही बहुतेक हलकं येईल.