अंडं-दूध वर्ज्य असलेल्या केकवर काय घालावं: चिंचवडच्या ताईंना उत्तर

ताई, तुमच्या लेकीला अंडं आणि दूध दोन्हीची ॲलर्जी, वाढदिवस जुलैच्या शेवटी, छोले शिजवलेल्या पाण्याचा, अंड्याच्या पांढऱ्याऐवजी फेटतात तो फेस केकवर घातला तर तासाभरात ओघळून ताटलीत आला, आणि आता दुकानदार म्हणतोय, "नॉन-डेअरी व्हिप टॉपिंग न्या, त्यात दूध नसतं." हे वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. फेसाचं पुढे बोलू. आधी ते टॉपिंग, म्हणजे क्रीमसारखं फेटून केकवर लावतात ते: आणू नका. निदान त्याच्या मूळ खोक्यावरची घटकांची यादी स्वतःच्या डोळ्यांनी वाचेपर्यंत तरी आणू नका.

या टॉपिंगमधला स्निग्धांश पाम किंवा पाम कर्नेल तेलाचा असतो, दुधाची साय नसते, म्हणून ते नॉन-डेअरी. पण तेल-पाणी एकजीव राहावं आणि फेटल्यावर हवा कोंडली जावी म्हणून त्यात बरेचदा सोडियम केसिनेट घालतात, आणि ते बनतं दुधातल्याच केसिन या प्रथिनापासून. ज्यांना दुधातली साखर पचत नाही त्यांना त्याने सहसा काही होत नाही. ॲलर्जी असते प्रथिनाची, त्यामुळे तुमच्या लेकीला होऊ शकतं. काहींच्या यादीत केसिनेट नसतंही, पण ते खोकं वाचल्याशिवाय कळायचं कसं?

माझ्या भाच्याला हीच ॲलर्जी. आमच्या डोंबिवलीत केकच्या सामानाच्या दुकानात टॉपिंग सुटं मिळतं. किलोचं खोकं फोडून पाव-अर्ध्या किलोच्या प्लास्टिकच्या डब्यांत भरतात, झाकणावर मार्करने फक्त वजन आणि भाव. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, नॉन-डेअरी आहे, काही टेन्शन नाही." माझं समाधान झालं नाही. कंपनीचं नाव विचारून घेतलं आणि थेट त्यांच्या ग्राहक सेवेला फोन लावला. नाव इथे लिहीत नाही, भांडायला ताकद नाही आता. बाईंनी बराच वेळ गाणं ऐकवलं आणि परत येऊन सांगितलं, "मॅम, प्रॉडक्ट हंड्रेड पर्सेंट व्हेज आहे." मी म्हटलं, व्हेज नाही विचारलं, दुधातलं काही आहे का ते सांगा. परत गाणं. "नॉन-डेअरी आहे मॅम, दूध नाही." तेच लेखी मागितलं तर ईमेल आला की आमची सर्व उत्पादनं लागू नियमांची पूर्तता करतात, आमच्यावर विश्वास दाखवल्याबद्दल आभार.

शेवटी त्यावर विसंबून ते टॉपिंग केकवर घातलं. भाच्याने जेमतेम दोन घास खाल्ले असतील. अंगभर गांध्या, ओठ सुजलेले, आणि ती रात्र आम्ही कॅज्युअल्टीत काढली. पोर वेळेत सावरलं, म्हणून आज हे शांतपणे लिहू शकतेय. नंतर त्याच दुकानाच्या फ्रीझरमधून न फोडलेलं खोकं काढायला लावलं. तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, सोडियम केसिनेट. त्याखाली वेगळ्या ओळीत ॲलर्जीची सूचनासुद्धा, यात दूध आहे म्हणून! म्हणजे कंपनीने स्वतःच छापलं होतं, आणि त्याच कंपनीचा फोन उलट सांगत होता. फोनवरच्या मुलीला मी दोष देत नाही, तिच्यासमोर कुणीतरी 'व्हेज/नॉन-व्हेज' एवढाच रकाना उघडून ठेवला असणार. पण तक्रार केली तर उत्तर काय, तर नॉन-डेअरी म्हणजे 'मिल्क फॅट नाही' असा अर्थ आहे, आणि आपलं तिकीट, म्हणजे तक्रार, बंद करण्यात येत आहे. पुन्हा उघडायची सोयही नव्हती त्यात. असो. रक्तदाब वाढतो माझा.

यातून धडा काय घ्यायचा ते सरळ सांगते. सुटं टॉपिंग, सुटं चॉकलेट, सुटे चोको चिप्स ॲलर्जीच्या घरात आणायचेच नाहीत. हिरवा ठिपका बघून काही कळत नाही, कारण आपल्याकडे शाकाहारात दूध बसतं. 'एगलेस' पाटीचाही उपयोग नाही, एगलेस केक तर बरेचदा मिल्कमेड आणि दह्यावरच उभा असतो. एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२२ मध्ये व्हिगन, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच नसलेल्या, पदार्थांसाठी वेगळे नियम आणले आणि वेगळं हिरवं चिन्हही दिलं, इंग्रजी व्ही आणि त्यावर रोपटं. ते असेल तर सुरुवात बरी, पण त्याच यंत्रावर दुधाचा पदार्थ बनत असेल तर अंश येऊ शकतो, म्हणून चिन्ह असलं तरी ॲलर्जीची ओळ वाचायचीच. ग्राहक सेवेला विचारायचंच असेल तर "दूध आहे का" असं विचारू नका. "केसिन, केसिनेट, व्हे (दुधाची निवळी), मिल्क सॉलिड्स यातलं काही आहे का" असं एकेक नाव घेऊन विचारा, आणि खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. फोटो देत नसतील तर विषय संपला.

आता तुमचा फेस. छोल्यांच्या पाण्याची युक्ती २०१४-१५ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या हौशी लोकांनी रूढ केली, आणि त्यांच्या कृती डब्यातल्या छोल्यांच्या पाण्यावर बेतलेल्या असतात. ते पाणी मुळातच दाट असतं. आपलं कुकरचं पाणी पातळ, त्यामुळे प्रमाण जसंच्या तसं घेतलं की फसतं. शिजलेले छोले त्याच पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे, मग गाळून ते पाणी मंद आचेवर कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याइतकं बुळबुळीत होईपर्यंत आटवायचं आणि पूर्ण गार करून मगच फेटायचं. मीठ नको, खायचा सोडा तर अजिबात नको. आणि तेलाचा थेंबही नको. माझ्या सासूबाईंनी विचारलं होतं, पुरणाचा कट का नाही चालणार? डाळ शिजवताना आपण हळद आणि चमचाभर तेल घालतो, फेसाचा विषय तिथेच संपतो. कटाची आमटीच करावी त्याची, ती जास्त चांगली लागते.

पण खरं सांगू का, तुम्ही सगळं बरोबर केलं असतंत तरी तो फेस जुलैत केकवर टिकला नसता. अंड्याचं पांढरं तापवलं की त्यातलं प्रथिन घट्ट होतं आणि फेसाला सांगाडा मिळतो. छोल्यांच्या पाण्यात तसं होत नाही, तो फेस साखरेच्या आणि वाळण्याच्या जोरावर उभा राहतो. म्हणून ओव्हनमध्ये १०० अंशांवर दीड-दोन तास सुकवलेले मेरांग, म्हणजे गोड फेसाचे छोटे गोळे, छान कुरकुरीत होतात, पण ओला फेस ओघळतोच, आणि वर स्वयंपाकातला ज्योतीचा टॉर्च मारायला गेलात तर अजून लवकर बसतो. साखरेचा ११५ अंशांच्या आसपासचा पाक धारेने घालून फेटला तर जरा दम धरतो. त्याला थर्मामीटर हवा. आणि वाळवलेल्या मेरांगचंही असं, की साखर हवेतलं पाणी ओढते. पावसाळ्यात ओव्हनमधून काढून लगेच हवाबंद डब्यात टाकायचे आणि केक कापायच्या वेळी चुरून वर घालायचे. दुपारी लावून संध्याकाळपर्यंत ठेवायचे नाहीत, चिकट होऊन कुणाच्या दाताला लागतील.

नारळाच्या क्रीमचा सल्ला तुम्हाला इथे बऱ्याच जणांनी दिलाय. लागतं छान, मान्य. पण खोबरेल तेल थंडीत बाटलीत गोठतं आणि बाकी वर्षभर पातळ असतं, हे आपण लहानपणापासून बघतोय. ते साधारण २४ अंशांना वितळतं. फेटलेलं नारळाचं क्रीम त्याच स्निग्धांशावर उभं असतं, तेव्हा पंचवीस मुलांनी भरलेल्या हॉलमध्ये मेणबत्त्या विझेपर्यंत त्याचं काय होणार ते तुम्हीच ठरवा. परदेशातल्या व्हिडिओत ते दिमाखात उभं असतं, कारण तिथली खोली बरेचदा आपल्यापेक्षा थंड असते. शिवाय आपल्याकडच्या टेट्रापॅकमधल्या नारळाच्या दुधात बरेचदा इमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक असतो, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही साय वेगळी होत नाही. घरच्या नारळाचं पाणी न घालता काढलेलं पहिलं दूध घेतलंत तर होते.

मग मी काय करते? वैयक्तिक मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या. उन्हाळा-पावसाळ्यात मी डार्क चॉकलेटचा गनाश, म्हणजे केकवर ओतायचा दाट चॉकलेट लेप, करते. २०० ग्रॅम चॉकलेटला १०० मिली जाड नारळाचं दूध, दूध गरम करून चिरलेल्या चॉकलेटवर ओतायचं, पाच मिनिटं हात लावायचा नाही, मग मधून बाहेर ढवळत जायचं. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे दाट केलेला गनाश आपल्या खोलीत तग धरतो. मात्र डार्क म्हणजे बिनदुधाचं असं नाही, पुन्हा तेच, मागची बाजू वाचा.

दुसरा पर्याय चायना ग्रासचा, म्हणजे समुद्री शेवाळापासूनच्या जेलीच्या पावडरचा. मुलांना चकाकणारं काही आवडतं. २०० मिली पाण्यात-रसात मिळून १ ग्रॅम पावडर पुरते. ती आधी पाण्यात खळखळ उकळायची, नुसती कोमट करून विरघळत नाही. मग आंब्याचा डब्यातला रस त्यात मिसळून थोडं निवलं की केकवर ओतायचं. एकदा जमलं की आपल्या कुठल्याही उकाड्यात वितळत नाही. जिलेटिन नको, ते प्राणिजन्य.

आणि सगळ्यात सोपं, जे कुणी सुचवलं नाही याचं नवल वाटतं: ओल्या नारळाची गुळातली चव. मोदकात घालतो तीच, पण तुपाशिवाय आणि जरा कोरडी परतलेली, वेलची-जायफळ घालून. कोमट केकवर बोटभर थर द्यायचा. पाहुण्यांना व्हिगन वगैरे काही समजावत बसावं लागत नाही. फोटोत पांढरे गुलाब दिसणार नाहीत, एवढाच तोटा.

काजूची क्रीम मी मुद्दाम सांगत नाहीये, तुमच्या लेकीची सुक्या मेव्याची तपासणी झाली आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर छोल्यांबद्दलही डॉक्टरांना विचारून घ्या, दोन्ही शेंगावर्गातले. मी डॉक्टर नाही, नुसती मावशी आहे.

अवांतर: केकवर टाकायच्या रंगीत चकचकीत गोळ्यांच्या यादीत आयएनएस ९०४ हा घटकाचा क्रमांक दिसला तर ते शेलॅक, लाखेच्या किड्यापासून येतं. तुमच्या लेकीच्या दूध-अंड्याच्या ॲलर्जीचा त्याच्याशी संबंध नाही, पण पाहुण्यांत कुणी काटेकोर व्हिगन असेल तर आधी सांगितलेलं बरं. आणि दुकानदाराकडे खोकं मागाल तेव्हा फोटो काढून इथे टाका, अक्षरं बारीक असली तरी चालेल, मोठी करून वाचते.