क्षारपड रान आणि संजीवकाची बाटली

पावसाळा सरला की शिरोळ, पलूस, वाळव्याकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो: रान क्षारपड आहे, कोणते संजीवक (पिकाची वाढ वळवणारे रसायन) मारू? या वेळी फक्त तेच प्रश्न घेतले आहेत.

सॅलिसिलिक आम्लाऐवजी अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या विरघळवून फवारल्या तर चालेल का?

नाही. ते वेगळे रसायन आहे, माणसाचे औषध आहे.

आडसाली ऊस आहे. खालच्या अंगाचे दीड एकर पांढरे पडले आहे. दुकानदार म्हणतो, जिबरेलिक आम्लाच्या (जीए) दोन फवारण्यांत ऊस हिरवा होईल. मारू का?

थांबा. तुमच्या पत्रात सामू (पीएच) नाही, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे मोजमाप) नाही, पाण्याची पातळी नाही. फवारणी मात्र ठरली आहे! पांढरे रान क्षारयुक्त असेल, चोपण असेल किंवा दोन्ही. संपृक्त अर्काची (पाण्याने पुरत्या भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) ईसी 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू 8.5 च्या आत असेल तर क्षारयुक्त. सामू 8.5 च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) 15 टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. आपल्याकडचे अहवाल बहुधा एकास अडीच द्रावणाचे (एक भाग माती, अडीच भाग पाणी) असतात. त्यात आकडा लहान दिसतो आणि शेतकरी निर्धास्त होतो. म्हणून तपासणी कोणत्या पद्धतीची, हे प्रयोगशाळेला विचाराच. उसाला अर्काची ईसी 1.7 च्या पुढे गेली की फटका बसू लागतो.

क्षारात पीक आपली वाढ आपणच आवरते. जिबरेलिकने कांडी लांबेल, पण मुळी त्याच क्षारात राहील. सॅलिसिलिक आम्ल आणि ब्रासिनोस्टेरॉइड या संजीवकांची गोष्ट निराळी. अगदी थोड्या मात्रेत ती पिकाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा जागी करतात, मात्रा चुकली तर पाने करपतात. चांगले निष्कर्ष आहेत, पण बरेचसे कुंड्यांमधले. पाटपाणी भरपूर आणि निचरा शून्य अशा रानात एवढ्यावर ऊस उभा राहणार नाही.

आधी चर किंवा सच्छिद्र पाईप, तोही शेजाऱ्यांना बरोबर घेऊन, कारण पाणी शेवटी ओढ्यालाच काढायचे आहे. चोपण असेल तरच जिप्सम, आणि निचऱ्यानंतरच. सुटलेला सोडियम वाहून जायला वाट हवी. मग धैंचा (हिरवळीचे खत) गाडा आणि पुढच्या लागणीला फुले 265 या क्षार सोसणाऱ्या ऊस वाणाचा विचार करा. दरवर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणता म्हणता क्षार वर येत राहतात. अहवाल घेऊन कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात जा. संजीवकाचे त्यानंतर ठरवू.

"जमिनीतले क्षार खाऊन टाकते" असे लिहिलेली बाटली घेतली आहे. वापरू का?

क्षार कोणी खात नाही, ते पाण्याबरोबर वाहून न्यावे लागतात. असे छापणे ही शुद्ध फसवणूक आहे. संजीवके 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात, जैव उत्तेजके 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली. लेबलवर नोंदणी क्रमांक आणि घटकांचे प्रमाण नसेल, तर बिलासह बाटली कृषी अधिकाऱ्यांना दाखवा.

विहिरीचे पाणी खारट आहे. त्यात जीए कालवले तर?

नको. विम्लधर्मी पाण्यात ते टिकत नाही, शिवाय क्षार पानावर साचतात. गोडे पाणी वापरा.

द्राक्षाच्या पानांच्या कडा जळत आहेत. सीसीसीने (क्लोरमेक्वाट, वाढ रोखणारे संजीवक) वेल आवरली तर क्षार सोसेल, असे एकाने सांगितले.

त्या एकाचे ऐकू नका. 2010 मध्ये याच क्लोरमेक्वाटच्या अवशेषांमुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली होती. कडा क्लोराइडने जळतात, तशा पालाशच्या कमतरतेनेही. डोळ्यांनी फरक कळत नाही, देठ परीक्षण आणि पाणी परीक्षण करा. बाग स्वमुळावर आहे की डॉगरिज या क्षार सोसणाऱ्या खुंटावर, हे पत्रात लिहायला हवे होते. अहवाल घेऊन मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्या. तोवर पंप बाहेर काढू नका.

खारजमिनीत भाताचे बी जीएमध्ये भिजवावे का?

उगवण सुधारू शकते. पण भाताचे रोपच क्षाराला फार हळवे असते, म्हणून आधी पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राकडून क्षार सोसणारे वाण घ्या आणि मात्राही तिथेच विचारा.